‘लशीनंतर’ आणि ‘लशीमुळे’ : बाललसीकरण व स्वमग्नता यांविषयीच्या पालक-शंकेची चिकित्सा (विशेष संदर्भ : शिरूर व दौंड तालुके)

प्रस्तावना

बालकांना दिल्या जाणाऱ्या लशींमुळे, विशेषतः गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीमुळे, स्वमग्नता उद्भवते काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने केव्हाच निकालात निघाला आहे. पालकांच्या मनातून मात्र तो गेलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने आपला जुना मजकूर बदलला आणि ‘लशींमुळे स्वमग्नता होत नाही’ हे विधान पुराव्यावर आधारलेले नाही, अशी भूमिका घेतली. शास्त्रीय पुराव्यात त्या महिन्यात नवे असे काहीच आले नव्हते. बदलले होते ते राजकीय नेतृत्व. तरीही एवढ्या मोठ्या संस्थेचे नाव जोडले गेल्यामुळे जुन्या शंकेला नवी प्रतिष्ठा मिळाली.

प्रस्तुत लेख वैद्यकीय संशोधनाचा नाही व सर्वेक्षणाचाही नाही. पालकांची शंका ज्या भाषेत मांडली जाते आणि ज्या भाषेत ती खोडून काढली जाते, त्या दोन्ही भाषांची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे. संदर्भासाठी शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्यातील भीमेकाठचे दोन तालुके घेतले आहेत. या निवडीला कारण आहे. लस ही गोष्ट या भागाला दूरची नाही. दौंडहून पुण्याकडे येताना हडपसर-मांजरीचा परिसर लागतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट तेथेच आहे. गोवर व रुबेला प्रतिबंधक लशींच्या जगातील प्रमुख उत्पादकांत तिची गणना होते. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प अनेक वर्षे कार्यरत आहे. भारतीय बनावटीच्या रोटाव्हायरस लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर झाली, तिच्यातील पुणे केंद्राचे काम याच संशोधन केंद्राकडे होते. म्हणजे लस जेथे तयार होते आणि जेथे तिची परीक्षा होते, त्या दोन्ही ठिकाणांचा हा शेजार आहे. शेजार असला म्हणजे विश्वास आपोआप निर्माण होतो, असे मात्र नाही.

स्थूलमानाने असे म्हणता येईल की, उपकेंद्रातील किंवा अंगणवाडीतील लसीकरण सत्रास येणारी आई तापाविषयी, टोचल्या जागेच्या गाठीविषयी विचारते. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणारे नोकरदार पालक, ज्यांत आपल्यासारखे प्राध्यापकही आले, स्वमग्नतेविषयी विचारतात. या दुसऱ्या प्रश्नाला अशिक्षितपणाचे लक्षण म्हणता येणार नाही. तो वाचनातून आलेला आहे, आणि म्हणूनच ज्या वाचनातून तो आला त्या मूळ लेखनाकडे प्रथम वळले पाहिजे.

१९९८ चा निबंध : एक वाचन

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या २८ फेब्रुवारी १९९८ च्या अंकात अँड्र्यू वेकफिल्ड व त्यांचे बारा सहकारी यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात तपासलेल्या बारा मुलांची ही हकिकत होती. आतड्याचा दाह आणि वाढीच्या टप्प्यात झालेली पीछेहाट असे दोन प्रकार या मुलांत एकत्र आढळले, असा मुख्य दावा होता. त्यांपैकी आठ मुलांच्या बाबतीत पालकांनी किंवा डॉक्टरांनी या बदलाचा आरंभ एकत्रित लशीशी जोडला होता. लस आणि पहिले लक्षण यांतील अंतर सरासरी ६.३ दिवसांचे दिले होते.

साहित्याच्या अभ्यासकाने हा निबंध वाचला तर त्याच्या ध्यानात प्रथम एक गोष्ट येते. यातील निर्णायक आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. तो आठवणीतून आलेला आहे. ‘लशीनंतर किती दिवसांनी?’ या प्रश्नाला पालकांनी दिलेले उत्तर तक्त्याच्या रकान्यात बसविले गेले आणि दशांश चिन्हासह छापले गेले. निवेदनाचे मोजमापात रूपांतर झाले ते येथे. मूल बोलायचे थांबले ही पालकांची साक्ष होती. ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु मूल अमुक दिवशी थांबले, ही गोष्ट नंतर मागे वळून पाहताना रचली जाते. तारीख शोधणाऱ्या स्मृतीला कार्डावर लिहिलेली एकच तारीख हाताशी असते आणि ती लशीची असते.

निबंधाच्या अखेरीस लेखकांनीच लस आणि हा विकार यांतील संबंध आपण सिद्ध केलेला नाही, असे मान्य केले होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मुले यादृच्छिक पद्धतीने निवडलेली नव्हती. पण निबंधाच्या प्रसिद्धीनिमित्त घेतलेल्या पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी एकत्रित लस थांबवून तीन लशी वेगवेगळ्या द्याव्यात असे सुचविले. निबंधात नसलेला निष्कर्ष व्यासपीठावरून सांगितला गेला आणि जगाने ऐकला तो व्यासपीठावरचा.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ पासून या प्रकरणाचा पाठपुरावा केला. लसउत्पादकांविरुद्ध दावे तयार करणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळाल्याचे, तसेच १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच गोवराच्या वेगळ्या लशीसंबंधी एकस्वासाठी अर्ज केल्याचे उघड झाले. १३ लेखकांपैकी १० जणांनी २००४ मध्ये त्या निबंधाचा लशीसंबंधीचा अन्वयार्थ मागे घेतला. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंधच रद्द केला आणि मे २०१० मध्ये वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. २०११ च्या जानेवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने मुलांच्या मूळ वैद्यकीय नोंदी व छापलेला निबंध यांची तुलना प्रसिद्ध केली. पाच मुलांच्या विकासाविषयी लशीपूर्वीच शंका नोंदविलेल्या होत्या. ज्यांना पीछेहाटीची स्वमग्नता असल्याचे सांगितले होते अशा नऊपैकी तिघांना स्वमग्नतेचे निदानच झालेले नव्हते. (मुलाच्या वाढदिवसाच्या मेजवानीस आलेल्या लहानग्यांचे रक्त वेकफिल्ड यांनी पाच-पाच पौंड देऊन घेतले होते, ही चौकशीत पुढे आलेली बाब त्या मानाने किरकोळ म्हणावी लागेल, पण मुलांकडे पाहण्याची दृष्टी तीतून कळते.)

या लेखनाने पालकांचा पक्ष घेतला असे त्या काळी मानले गेले. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. पालकांच्या तोंडचे निवेदन उचलून, त्यातील गैरसोयीचे तपशील गाळून ते दुसऱ्याच हेतूसाठी वापरले गेले. फसवणूक झाली ती सर्वांत आधी त्या बारा कुटुंबांची.

अन्वय आणि व्यतिरेक

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. न्यायशास्त्रात यालाच काकतालीय न्याय म्हटले आहे. परंतु पालकाला हा न्याय सुनावणे पुरेसे नाही. कारण त्याच्या दृष्टीने फांदी खरोखरच मोडलेली असते. कारण कशाला म्हणावे याचा नैयायिकांनी केलेला विचार येथे अधिक उपयोगी आहे. कार्याच्या आधी नेमाने असणे एवढ्याने कारण ठरत नाही. ते अन्यथासिद्धही नसावे लागते. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, घट घडण्यापूर्वी ते अंगणात असतेच. तरी त्याला कोणी घटाचे कारण म्हणत नाही.

भारताच्या शासकीय वेळापत्रकानुसार गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिला जातो. स्वमग्नतेची लक्षणे पालकांच्या नजरेस ठळकपणे येऊ लागतात तीही याच सुमारास. हाक मारल्यावर मूल वळत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, आलेले चार शब्द नाहीसे होतात. म्हणजे मुलाच्या आयुष्यातील दोन घटना एकाच ऋतूत येतात, आणि जवळपास प्रत्येक मुलाला लस मिळत असल्यामुळे स्वमग्न मुलालाही ती मिळालेली असते. केवळ अन्वय पाहिला तर संबंध दिसणारच. निर्णय व्हायचा तो व्यतिरेकावर : जेथे लस नाही तेथे विकारही नाही, असे दिसते काय?

याचे उत्तर जपानने नकळत दिले. गालगुंडाच्या विशिष्ट वाणामुळे मेंदूच्या आवरणाचा दाह होत असल्याचे आढळल्याने जपानने १९९३ मध्ये एकत्रित लस बंद केली. योकोहामा शहरात १९८८ ते १९९६ या काळात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेणाऱ्यांचे प्रमाण घसरत शून्यावर आले, तरी स्वमग्नतेच्या निदानांची संख्या वाढतच गेली. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या वर्षांत जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६,५१७ मुलांना स्वमग्नतेचे निदान झाले होते. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत फरक आढळला नाही, ज्यांच्या भावंडांना स्वमग्नता होती अशांतही नाही.

पण व्यतिरेकाचे उदाहरण पाहण्यासाठी योकोहामापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून केवळ गोवराची लस होती. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने गोवर-रुबेला लस आली आणि महाराष्ट्रात तिची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. गालगुंडाचा समावेश असलेली एकत्रित लस शासकीय कार्यक्रमात नव्हतीच. ती खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यावी लागे. म्हणजे ज्या लशीवर वेकफिल्ड यांनी संशय घेतला, ती शिरूर-दौंडमध्ये केवळ शासकीय सत्रांवर अवलंबून असलेल्या मुलांना मिळालेलीच नाही. दुसरीकडे, उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेला मुलांच्या मज्जाविकासाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वमग्नतेचे प्रमाण त्यात शंभरात एकाच्या आसपास दिसले. शासकीय दवाखान्यांवर विसंबणाऱ्या घरांत स्वमग्न मुले नाहीत, असे कोणी म्हणत नाही. खासगी लस विकत घेणाऱ्या वर्गाची ही परदेशातून आलेली भीती त्या घरांना लागूच पडत नाही.

रुबेलाच्या बाबतीत तर तर्क उलटा फिरतो. १९६४ च्या साथीनंतर गर्भावस्थेत रुबेलाची बाधा झालेल्या २४३ मुलांचा अभ्यास स्टेला चेस यांनी न्यूयॉर्कमध्ये केला व तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १८ मुलांत स्वमग्नतेची पूर्ण वा अंशतः लक्षणे आढळली, हे प्रमाण सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत फार मोठे होते. स्वमग्नतेशी ज्याचा संबंध खरोखर दिसून आला अशा थोड्या बाह्य घटकांत रुबेलाचा संसर्ग आहे आणि लस त्या संसर्गाला अडवते. गोवराचीही एक गोष्ट पालकांना क्वचितच सांगितली जाते. गोवर होऊन गेल्यानंतर काही वर्षांनी, सहसा शाळेच्या वयात, मेंदूचा एक दुर्मीळ विकार होऊ शकतो. त्यात मुलाची वाचा व बुद्धी क्रमाक्रमाने हरपते आणि तो बहुधा मृत्यूपर्यंत जातो. बोलते मूल मुके होण्याची जी भीती लशीच्या नावे सांगितली जाते, ती या रोगाच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे.

‘स्वमग्न’ या शब्दाविषयी

मराठीत स्थिरावलेला ‘स्वमग्नता’ हा शब्द मूळ ग्रीक धातूला प्रामाणिक आहे, परंतु मराठी कानाला तो निदानासारखा ऐकू येत नाही. ध्यानमग्न, चिंतनमग्न, कार्यमग्न या मालिकेतला तो शब्द आहे. मग्न होणे हे आपल्याकडे कर्त्याच्या इच्छेचे, बहुधा गौरवाचेही क्रियापद आहे. त्यामुळे ‘मूल स्वमग्न आहे’ असे सांगितले की घरच्यांना तो स्वभाव वाटतो. मोठेपणी सुधारेल असे वाटते. नाहीतर कोणीतरी त्याला एकटे सोडल्याचा तो परिणाम वाटतो. हा शेवटचा अर्थ सर्वांत घातक आहे, कारण ते कोणीतरी म्हणजे आई असते.

हा दोषारोप केवळ आपल्या घरांतला नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, त्यानंतर दोन-अडीच दशके पाश्चात्त्य मानसशास्त्रातील एक वजनदार मत असे होते की, आईच्या थंडपणामुळे मूल आत वळते. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने ते मत लोकप्रिय केले. आपल्याकडे त्याची जागा ग्रहणात काय चिरले, गरोदरपणात काय खाल्ले, मूल कोणाच्या अंगावर वाढले, या प्रश्नांनी घेतलेली आहे. लशीचा सिद्धांत पालकांना का पटतो, याचे एक उत्तर येथे सापडते. त्यात दोष बाहेरच्या वस्तूकडे जातो. आईची सुटका होते.

परंतु ती सुटका पुरती होत नाही. सत्राच्या दिवशी मुलाला कडेवर घेऊन कोण गेले होते? ‘तूच नेलंस ना टोचायला’ हे वाक्य घरात उच्चारले जाण्यास फारसा वेळ लागत नाही. लशीवर ठेवलेला आरोप फिरून पुन्हा आईपाशीच येतो. लस-स्वमग्नता सिद्धांताला पालकांचा कैवारी म्हणणाऱ्यांनी या बाजूचा विचार केलेला दिसत नाही.

खंडनाची भाषा

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. आरोग्यशिक्षणाच्या मराठी साहित्यात ‘समज-गैरसमज’ हा एक ठरीव रचनाबंध आहे. डाव्या बाजूस लोकांचा गैरसमज, उजव्या बाजूस शास्त्रीय सत्य. आणि सत्याचा नमुना बहुधा ‘लस पूर्णपणे सुरक्षित आहे’ असा. हेतू चांगला असला तरी या वाक्यातील ‘पूर्णपणे’ हा शब्द शास्त्रीय नाही. गोवराच्या लशीनंतर ताप येतो, पुरळ उठू शकते, क्वचित तापाचे झटके येतात, आणि फारच विरळा तीव्र ॲलर्जी होते. म्हणूनच तर लसीकरणानंतर अर्धा तास थांबायला सांगतात. ज्या आईने मुलाला रात्रभर तापलेले पाहिले आहे, तिच्या लेखी ‘पूर्णपणे’ हा शब्द सकाळीच खोटा ठरलेला असतो. मग त्याच पत्रकातील स्वमग्नतेविषयीचे खरे वाक्यही तिला तितकेच वाटले तर दोष तिचा नाही.

पालकांची प्रत्येक तक्रार गैरसमज या सदरात टाकण्याचे दुष्परिणाम आपल्या राज्याने पाहिले आहेत. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओ मोहिमेत १२ बालकांना डोसाऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. ‘डोसानंतर मुलाला उलट्या झाल्या’ हे तेथील पालकांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि दोष लशीचा नव्हता. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांच्यामध्ये चौकशीला जागा असते. ती जागा पत्रकाच्या दोन रकान्यांत राहत नाही.

याला या भागातच जुना दाखला आहे. आजच्या दौंड तालुक्यातील केडगावी ज्यांचे मुक्ती मिशन उभे आहे, त्या पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या प्लेगकाळात पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात आपल्या आश्रयाखालील मुलीच्या वाट्याला आलेल्या वागणुकीविषयी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला आणि मुंबई सरकारने तक्रार निराधार ठरविली. रमाबाईंचे गाऱ्हाणे मुलीच्या वागवणुकीसंबंधी होते, रोगाच्या कारणासंबंधी नव्हते. राज्यकर्त्यांनी मात्र ते प्लेगविषयीच्या इतर कंड्यांच्या रांगेत बसविले. पालकाची साक्ष आणि पालकाचा सिद्धांत यांत भेद न करण्याची सवय इतकी जुनी आहे.

संमतीच्या प्रश्नातही हेच दिसते. गोवर-रुबेला मोहिमेत पालकांना न विचारता शाळांमध्ये लस देण्याच्या निर्णयाला दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हरकत घेतली. पालकांची संमती आवश्यक असल्याचे आणि लशीचे फायदे-तोटे त्यांना कळविले पाहिजेत असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या वेळी अनेक आरोग्यकर्मींना हा अडथळा वाटला. वस्तुतः लशीच्या चाचणीत ज्या पालकाची लेखी संमती घेतली जाते व मुलाच्या लहानसहान दुखण्याचीही नोंद होते, त्याच पालकाला नेहमीच्या सत्रात कोणी काही विचारत नाही. विचारले असता तो नकार देईल, ही भीती त्यामागे असावी. न विचारल्याने विश्वास वाढला, असेही दिसत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ पसरून बालके दगावली. करोनाकाळात चुकलेले डोस हे त्याचे एक कारण होते आणि लशीविषयीची धास्ती हे दुसरे. ब्रिटनमध्ये १९९८ नंतरच्या वर्षांत एकत्रित लशीचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत घसरले होते. तेथे घसरणीला एक निबंध पुरला. येथे शंकेला उत्तर मिळण्याची सोय नसणे पुरेसे ठरते.

कार्ड आणि सत्र

माता-बाल संरक्षण कार्डावर लशींच्या चौकटी आहेत आणि मुलाच्या वाढीचे टप्पेही चित्रांसह दिलेले आहेत. मूल केव्हा हसते, केव्हा बसते, केव्हा दोन शब्द जोडते, हे तेथे आहे. कार्डाची रचना करणाऱ्यांनी लस आणि विकास या दोन गोष्टी एकाच कागदावर आणल्या, हे फार शहाणपणाचे होते. पण चौकटीत तारीख पडली की सत्राचे काम पुरे झाले, असे मानण्याकडे व्यवस्थेचा कल असतो, कारण उद्दिष्ट मोजले जाते ते डोसांत. परिचारिकेसमोर दीड वर्षाचे मूल बसलेले असते, ते हाकेला वळते की नाही हे पाहण्याची तीच वेळ असते आणि पुढे रांग असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ मध्ये सुरू झाला, अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित असून स्वमग्नतेचा समावेश त्या तपासणीत आहे. शंका वाटल्यास मुलाला जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवावयाचे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता ही २१ प्रकारांत अंतर्भूत केली आहे. शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे पुण्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहेत. एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी जाते, वाचा-उपचारासाठी दर आठवड्याला जावे लागते. लस गावात येते. ‘मूल का बोलत नाही’ या प्रश्नाचे उत्तर मात्र पुण्याला जाऊन आणावे लागते. या अंतरातच अफवेला ऐकणारे मिळतात.

यातही एक वर्ग सर्व हिशेबांच्या बाहेर राहतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या भीमा आणि घोड नद्यांच्या काठी येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोपीत वाढणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस याच महिन्यांत येतो आणि अंगणवाडीतील तपासणीची एक फेरीही याच महिन्यांत त्याच्या मूळ गावी होऊन जाते. त्याच्या पालकांना वेकफिल्ड हे नाव ठाऊक नाही, लस नाकारण्याचा विचारही त्यांच्या मनात आलेला नाही. ते मूल बोलेनासे झाले तर ते कोणत्या तारखेशी जोडावे, यासाठी त्यांच्याजवळ बहुधा कार्डही नसते.